काचघरातला तुरा

१

"बाई, तिला फूल आलंय."

सकाळी सकाळी दार वाजवून कोणी अशी बातमी दिली, तर माणूस हसून वा वा म्हणतो. पण घड्याळवाल्या काकांचा चेहराच असा होता की बाईंच्या तोंडचं हसू तोंडातच राहिलं. स्वेटरची बटणं वरखाली लागलेली, पायात दोन वेगळ्या चपला. उभं आयुष्य लोकांची घड्याळं दुरुस्त केलेला हा माणूस. रुमालाची घडी तिरकी पडली तर पुन्हा घालणारा.

बाईंना गल्ली पाठीमागे चौकशीबाई म्हणायची. विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करण्यात त्यांची नोकरीची वर्षं गेली. जळालेली गोदामं, भिजलेला माल, चोरीला गेलेलं आणि गेलंच नसलेलं सोनं. समोरचा खरं बोलतोय की थापा मारतोय, एवढंच बघायचं. निवृत्त झाल्या तरी सवय सुटली नाही. सुटणार कशी? घरात दुसरं माणूस नाही, मग सवयींचीच सोबत.

"चला, बघू," म्हणत त्यांनी चपला घातल्या.

काकांच्या स्वयंपाकघरामागे काचघर होतं. काकूंनी हौसेने बांधून घेतलेलं. आत शिरलं की ओलसर, उबदार हवा अंगाला चिकटायची. एका कोपऱ्यातली काच फुटली होती, तिथे पुठ्ठा लावलेला. फळीवर तीन-चार कुंड्या, आणि सगळ्यांपासून जरा दूर, खिडकीशी, एका स्टुलावर "ती".

ब्रोमेलियाड. अननसाच्या कुळातलं झाड. पावसाळी जंगलात उंच झाडांच्या फांद्यांवर बसून वाढतं. मुळांनी नुसतं धरून राहतं आणि पानांच्या मधोमध पेल्यासारखा खळगा असतो, त्यात पावसाचं पाणी साठवतं. काकूंनी दोन जाती एकत्र करून बी धरलं होतं. त्यातलं एकच रोप जगलं. हिरव्या पानांवर रुपेरी आडवे पट्टे असलेलं असं झाड दुसऱ्या कोणाकडे नव्हतं. काकू गेल्या, झाड राहिलं. आणि आज त्या पेल्यातून बोटभर लालबुंद तुरा वर आला होता.

"छान दिसतंय की," बाई म्हणून गेल्या आणि लगेच त्यांनाच ते खटकलं.

"ही सांगायची, फुलली की संपली," काका म्हणाले. "हे झाड जन्मात एकदाच फुलतं. मग हळूहळू वाळत जातं. इतकी वर्षं फुललं नव्हतं, म्हणून मी निवांत होतो. हे आपोआप नाही झालेलं, बाई. कोणीतरी केलंय. मला माहितेय कोणी."

"कोणी?"

"सुनेने."

काकांचा मुलगा जहाजावर नोकरीला. वर्षातले बरेचसे महिने पाण्यावरच. सून दोन रस्ते पलीकडे भाड्याच्या खोलीत राहायची, फळांच्या शीतगोदामात माल तपासायला होती. दर रविवारी फळांची पिशवी घेऊन सासऱ्यांकडे यायची. काकांकडे येणारं तेवढं एकच माणूस.

"रोपवाला म्हणाला, एक वायू असतो, त्याने हे झाड फुलतं. आणि तो सुनेच्या गोदामात असतो, फळं पिकवायला. अजून काय पाहिजे? कधीपासून मागे लागलीय, बाबा, माझ्याकडे राहायला चला. झाड गेलं की म्हातारा येईल मुकाट्याने, असा हिशोब. आणि हल्ली तर फळंसुद्धा मनाची आणते. आधी सफरचंदं आणायची, आता संत्री. हिला संत्री चालत नाहीत, आंबट लागतात, तिला ठाऊक आहे ते."

बाईंनी मान वर केली. काकू जाऊन वर्ष होत आलं होतं. काका मात्र पुठ्ठ्याकडे बघत होते. आपण काय बोललो हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"तुम्ही तिला विचारलंत?"

"फोन केला. सांगितलं, पुन्हा या घराची पायरी चढू नकोस."

"मग ती काय म्हणाली?"

"एक अक्षर नाही. गप्प बसली आणि ठेवला. निर्दोष माणूस असं करतं? रविवारी लेकाचा फोन येईल. त्याला मी सगळं सांगणार आहे. त्याआधी तुम्ही तेवढा पुरावा काढून द्या."

बाईंना ही भाषा ओळखीची होती. नुकसान झालेल्या माणसाला पुरावा नको असतो, माणूस हवा असतो. पण मुलाच्या कानावर एकदा हे पडलं की घर दुभंगणार, आणि मग या काचघरात कोण येणार होतं? त्या म्हणाल्या, "रविवारपर्यंत कोणाशी बोलू नका. मी बघते."

२

रोपवाल्याची रोपवाटिका बसथांब्यामागे होती. बाईंना बघून त्याने हातातली झारी खाली ठेवली आणि ओळखून हसला.

"माझ्यावर संशय आहे ना? असणारच. खोटं कशाला बोलू, त्या झाडावर माझा डोळा होताच. काकूंकडे कितीदा मागितलं. फुललं की पराग मिळतो, बी धरता येतं. काकू म्हणायच्या, मी आहे तोवर नाही."

"आता काकू नाहीत."

"आणि झाड फुललं. दिसायला वाईटच दिसतं." त्याने कपाळ पुसलं. "पण मी केलं असतं, तर काकांना वायूचं कशाला सांगितलं असतं? ते फोटो घेऊन आले, मी आपलं माहीत होतं ते बोलून गेलो."

हे बाईंना पटलं, पण पटलेलं तोंडावर दाखवायचं नसतं.

"तो वायू काल परवा कोणी सोडला असेल का?"

"काल परवा?" रोपवाल्याने त्यांच्याकडे असं बघितलं की बाईंना शाळेत गणित चुकल्यासारखं वाटलं. "अहो, आज वायू लागला आणि उद्या तुरा वर आला असं नसतं. आत कळी धरते, मग ती सावकाश वर चढते. दोन-अडीच महिने सहज जातात."

"म्हणजे ऐन थंडीत."

"हो. तेव्हा मी कुठे होतो ते साऱ्या गल्लीला माहीत आहे."

माहीत होतंच. थंडीत याची कंबर धरली होती आणि पाठीवर पडल्या पडल्या तो येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारून दुखणं ऐकवत होता. बाई स्वतः एकदा त्यात सापडल्या होत्या.

"हे दोन-अडीच महिन्यांचं काकांना सांगितलंत?"

"ऐकायला थांबले कुठे? वायू म्हटल्यावर, गोदामात असतो ना तो, म्हणाले आणि निघालेच तरातरा."

जन्मभर घड्याळांवर पोट भरलेल्या माणसाने वेळच विचारली नव्हती. बाई परत निघाल्या. सगळे जण गेल्या आठवड्यात कोण आलं, कोण गेलं ते आठवत बसणार होते, आणि गुन्हा घडला होता थंडीत. मग थंडीत त्या काचघरात कोण शिरलं होतं?

३

काकांची मेहुणी शिवणकाम करायची. दुकान कसलं, जिन्याखालची खोलीच. तोंडात टाचण्या धरून ती बाईंचं सगळं ऐकत राहिली आणि मग एकेक टाचणी उशीत खोचत म्हणाली, "बरं झालं."

"काय बरं झालं?"

"फुललं ते. आता मरेल, आणि भावजी जरा माणसात येतील. ताई गेल्यावर मी म्हटलं, माझी मागची खोली रिकामी आहे, या राहायला. तर म्हणाले, तिला एकटं कसं सोडू? झाडाला म्हणत होते हो ते."

"म्हणून तुम्ही..."

"मनात आलं होतं. एकदा सोडून अनेकदा. पण करणार कशी? काचघराची किल्ली दोरीत ओवून गळ्यात असते त्यांच्या. आंघोळीलासुद्धा काढत नाहीत. ताईचं सामान आवरायला गेले, तर तिथे मला पाऊल टाकू दिलं नाही. सुनेलाही नाही. ती बिचारी ओट्याशी उभी राहून खिडकीतून बघते."

"कुलूप तुटलं होतं का कधी?"

"तुटलं असतं तर त्यांनी गाव गोळा केलं असतं."

तिने मशीनचं चाक उगाच एकदा फिरवलं. आवाज खाली आला.

"थंडीत मी गेले होते एकदा. दुपारची. बेल वाजवणार, तेवढ्यात कडेने काचघरात दिसले. मांडीवर ताट. बोलत होते. हसले पण मध्येच. किती तरी दिवसांनी त्यांना हसताना बघितलं. मी बेल न वाजवता परत आले, बाई. आत जाऊन काय बोलणार होते मी?"

मेहुणीचे डोळे भरले आणि तिला ते आवडलं नाही. "धूळ फार होते या कापडाची," ती म्हणाली.

रस्त्याने येताना बाईंनी मनाशी गणित मांडलं. रोपवाला बाद. मेहुणी आत गेलीच नव्हती. सूनही नाही. किल्ली एकाच माणसाच्या गळ्यात. उत्तर समोर दिसत होतं आणि बाईंना ते नको होतं. शिवाय अडचण होतीच: ज्या माणसाला वायूचं नावही परवा कळलं, त्याने तो थंडीत आणला कुठून?

४

शीतगोदामात शिरायला जाड कोट घालावा लागतो. सुनेने स्वतःचा दुसरा कोट बाईंना दिला. तीस-बत्तीसची, सडपातळ, थंडीने नाकाचा शेंडा लाल. खोक्यांच्या रांगांमधून चालत ती फळं हातात घेई, दाबून बघे, परत ठेवी. तिथे बोलायला कोणी नव्हतं आणि त्याची तिला सवय झालेली दिसत होती.

"बाबांनी पाठवलं?"

"नाही, मीच आले. मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. तू केलंस?"

"बाबा म्हणतायत ना? मग मीच केलं."

"कसं केलंस?"

ती हातातलं फळ उगाच फिरवत राहिली.

"बाटलीत वायू भरून नेलास? कुलूप कसं उघडलंस?"

"तुम्ही काय हवं ते लिहा, बाई. मी नाही म्हणणार नाही."

बाईंनी आयुष्यात खोटं बोलणारी ढीगभर माणसं बघितली होती. चोर नाही म्हणतो, आणि वर शपथा खातो. स्वतःहून हो म्हणणारा आणि कसं ते सांगू न शकणारा चोर त्यांनी बघितला नव्हता. ही काहीतरी झाकत होती, आणि स्वतःचं नक्कीच नाही.

"रविवारी ते तुझ्या नवऱ्याला सांगणार आहेत."

तिचा हात थांबला. मग तिने खालमानेने विचारलं, "ते जेवतात ना नीट? तिथेच बसून जेवतात अजून?"

बाई उत्तर देणार, तोच एक हमाल हातगाडी ढकलत आला. सुनेने त्याला पलीकडच्या बंद दाराकडे बोट दाखवलं.

"ती वेगळी खोली कशाला?" बाईंनी विचारलं.

"काही नाही, असंच," सून घाईने म्हणाली.

"असंच कसं, ताई?" हमाल गाडी सावरत म्हणाला. "सफरचंदं आहेत ती. त्यांना एकटंच ठेवावं लागतं. त्यांच्या अंगातूनच तो वायू येतो, शेजारी जे ठेवाल त्याला पिकवून मोकळी. भाजीवाला, फूलवाला, सगळे बोंबलतात मग."

दार उघडलं, गाडी आत गेली, दार लागलं. सुनेने तोंड फिरवलं होतं. बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. काही विचारलं नाही. विचारायचं होतं ते आता दुसरीकडे.

५

शनिवारी दुपारी काकांनी चहा केला. बाई ओट्याशी उभ्या राहिल्या. जाळीत धुतलेली ताटं उपडी घातली होती: दोन. वाट्या दोन. पेले दोन. काकांनी बिस्किट चहात पार विरघळेपर्यंत बुडवलं, कारण वरची कवळी त्यांना नीट बसत नव्हती.

"काका, सून सफरचंदं आणायची ती तुम्ही खायचात?"

"मला कुठली चावतायत."

"मग?"

काका बिस्किटाकडे बघत राहिले.

बाई मागच्या दारी गेल्या. खताच्या पिंपाचं झाकण काढलं. काठीने वरचा पाला सारला. खाली सफरचंदं होती, सुरकुतलेली, काळी पडलेली, बरीच. एकालाही दात लागलेला नव्हता. अख्खीच्या अख्खी.

आता हे सांगायचं कसं? विमा कंपनीत सोपं होतं. कागदावर लिहायचं, सही करायची, समोरच्याचं तोंड बघायला थांबायचं नाही. त्यांना वाटलं, सरळ म्हणावं, काका, काही सापडलं नाही, झाडाला आपोआप फूल आलं असेल. म्हातारा सुखाने राहील. पण मग सुनेवरचा आळ तसाच राहील, आणि उद्या फोन येईल.

त्या काकांसमोर येऊन बसल्या.

"काकूंना जेवणावर फळ लागायचं, ना?"

"लागायचं." काका किंचित हसले. "अख्खं खायची. कापलेलं नको म्हणायची. मी जेवायला तिथे बसतो, तर तिचं पण ताट घेतो. हसू नका."

"हसत नाहीये."

"नंतर फळ ठेवतो तिच्याजवळ. दुसऱ्या दिवशी ते काढायचं, ताजं ठेवायचं."

"थंडीत कुठे ठेवायचात?"

"अगदी कुंडीला लागून. काच फुटलेली, वारा यायचा. ही छोट्या रोपांवर घालायची ना, ते प्लॅस्टिकचं झाकण होतं मोठं. फळ ठेवायचं आणि वरून ते झाकण घालायचं, रात्रभर. तिला गारठा नको म्हणून." ते थांबले. "का?"

बाईंनी सांगितलं. घाई न करता, एकेक गोष्ट. तुरा आज दिसला तरी काम थंडीतलं. थंडीत आत जाणारा माणूस एकच. सफरचंदातून निघणारा वायू, आणि तो झाकणाखाली कोंडलेला, म्हणून फळीवरच्या बाकीच्या कुंड्यांना काही झालं नाही आणि हिलाच झालं. बाटली नव्हती, कुलूप फोडलं नव्हतं.

काकांच्या कपातला चहा गार झाला, त्यावर साय धरली.

"मीच," ते शेवटी म्हणाले. "रोज. माझ्या हाताने."

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"हिने कधी सांगितलं नाही. सांगितलंही असेल, मी घड्याळात डोकं घालून बसलेलो असेन." त्यांनी डोळ्यांवर तळवे दाबले आणि लहान मुलासारखे रडले. बाई उठल्या नाहीत, पाणीही दिलं नाही. रडणाऱ्या माणसाला पाण्यापेक्षा कोणीतरी बसलेलं लागतं, हे त्यांना स्वतःवरून ठाऊक होतं.

मग काकांनी तोंड पुसलं. "पण मग सून गप्प का बसली? नाही म्हणायचं होतं."

"नाही म्हटलं असतं तर तुम्ही विचारलं असतंत, मग कोणी. ती ओट्यावरच्या खिडकीतून बघायची, काका. झाकणाखालचं फळ तिला दिसलं. तिचा रोजचा धंदा तो, काय होणार ते कळलं असणार. म्हणून सफरचंदं बंद करून संत्री आणायला लागली. तोवर उशीर झाला होता."

६

रविवारची सुनेची पाळी दुपारी सुटायची. काकांनी स्वेटरची बटणं नीट लावली होती. गोदामाच्या फाटकाबाहेर हमालांसाठी एक लाकडी बाक होता, त्यावर ते जाऊन बसले. "तुम्ही पण या," म्हणाले होते, म्हणून बाई आल्या होत्या. पण पोचल्यावर त्या फाटकाच्या खांबाशीच थांबल्या.

सून बाहेर आली. सासऱ्यांना बघून तिचा चेहरा पांढरा पडला.

"बाबा, तुम्ही? तब्येत..."

"बरी आहे. मी केलं ते, पोरी. मला कळलं."

तिने बाईंकडे बघितलं. राग होता त्या बघण्यात. "कशाला सांगितलंत?" ती म्हणाली.

"त्यांच्यावर चिडू नकोस. तू का नाही सांगितलंस? मी नाही नाही ते बोललो तुला."

"सांगितलं असतं तर तुम्ही तिथे जेवायला बसणं सोडलं असतं."

"हो."

"मग कोणाबरोबर जेवला असता?"

एक ट्रक फाटकातून बाहेर पडला, काकांनी धुळीपुढे रुमाल धरला.

"तू माझ्यासाठी आळ घेतलास," काका म्हणाले. "मी म्हातारा माणूस. माझं काय, आज आहे उद्या नाही. तुला काय पडलं होतं? येणं बंद झालं, सुटलीस म्हणायचं."

"सुटले?" तिने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "तुमचा मुलगा बोटीवर. खोलीत मी, इथे मी. आठवड्यात कोणाशी बोलते मी, बाबा? मलाही रविवारी कुठेतरी जायचं असतं. तुम्ही पायरी चढू नको म्हणालात, त्या दिवसापासून मला रविवार नको वाटतो."

हे ती रडून बोलली नाही. सरळ सांगितलं, मालाची खोकी मोजून सांगावी तसं. काका तिच्याकडे बघत राहिले. इतके दिवस ती आपल्यासाठी येते असं ते धरून चालले होते. मग ते बाकावर थोडे सरकले, हाताने शेजारची धूळ झटकली आणि तिच्यासाठी जागा केली.

बाईंनी थोडा वेळ वाट बघितली. दोघांपैकी कोणी मागे वळून पाहिलं नाही. त्या बसथांब्याकडे चालू लागल्या.